रविवारच्या बाजारात आम्ही दोघी

एकोणीस वर्षांची होईपर्यंत मी परक्याच्या हातचं काही खाल्लं नव्हतं. आमच्या अमडापूरकडच्या शेतकरी घरांतल्या बायकांचं तेव्हा तसंच असायचं. कुठं लग्नाला जायचं झालं तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून सोबत घ्यायची. मोटार जिथं थांबेल तिथं एखाद्या झाडाखाली बसायचं, पाण्याचा तांब्या आपला, ताटली आपली. बाबा आणि काका तालुक्याला गेले की हॉटेलात बसतात हे आम्हाला ठाऊक होतं, कारण धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात कधी कधी तेलकट कागद निघायचा. आई तो चुलीत टाकायची. त्यावर घरात बोलणं झालेलं मला आठवत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गावोगावी शाळा निघत होत्या आणि मुलींना शिकवायला बाया मिळत नव्हत्या. मी मॅट्रिक झाले होते. चिखलीच्या एका घरात माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं आणि त्या लोकांना शिकलेली, जमलं तर नोकरी करणारी सून हवी होती. म्हणून बाबांनी मला बुलढाण्याला, शिक्षिका तयार करणाऱ्या एका विद्यालयात घातलं. मला स्वतःला काय हवं होतं हे तेव्हा कुणी विचारलं नाही, पण घराबाहेर पडायला मिळतंय एवढ्यावर मी खूश होते.

वसतिगृह म्हणजे टिनाच्या छपराची एक लांब चाळ होती. एका खोलीत दोघी. माझ्या वाट्याला आलेली मुलगी नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यातली होती. तिच्या घरी भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरच्या, मेथी, गवार पिकवायची आणि नांदुऱ्याच्या बाजारात नेऊन विकायची, हे त्यांचं जगणं. सहा वर्षांची असल्यापासून ती आईशेजारी बाजारात बसत आलेली. तिला तागडी धरता यायची, मेथीवर पाणी कितपत मारावं ते कळायचं, आणि गिऱ्हाईक भाव करतंय की नुसता वेळ काढतंय हे ती चेहऱ्यावरून सांगायची. मी तिला पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, इतक्या माणसांत बसायची भीती नाही वाटत का. तिला प्रश्नच कळला नाही.

तिचं बोलणं आमच्यापेक्षा जास्त मोकळं आणि ठसक्याचं होतं. पुस्तकी मराठीत पाठ घ्यायचा म्हणजे तिची फार ओढाताण व्हायची. ‘मले’ म्हणू नको, ‘मला’ म्हण, असं शिकवणाऱ्या बाई तिला रोज सांगायच्या. मीही घरी ‘मले’च म्हणायचे, पण मी शाळेत बदलायला लवकर शिकले होते.

रविवारी बुलढाण्याचा बाजार भरायचा. वसतिगृहाच्या बाई आम्हाला दुपारी दोन ते पाच सुटी द्यायच्या, साबण, तेल, वह्या असलं काही आणायला. दोघी-दोघींनी जायचं आणि दोघी-दोघींनी परत यायचं, एवढी अट. बाई विधवा होत्या, चाळिशीच्या, फार कमी बोलणाऱ्या. आम्ही त्यांना घाबरायचो.

बाजारात शिरल्यावर धान्याची पोती आणि बांगड्यांची दुकानं ओलांडली की खाण्याच्या दुकानांची गल्ली लागायची. दोन्ही बाजूंना बाकडी, पुढं कढया. त्या कढयांमधून मिरचीच्या भज्यांचा जो वास यायचा तो मी आजही सांगू शकेन. मेसमधल्या पातळ वरणाला कंटाळलेल्या मुलीवर त्याचा काय परिणाम होत असेल ते वेगळं सांगायला नको. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी तिथं थांबले आणि तिला म्हणाले, आपण खाऊ या.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढं यावरूनच सगळं घडलं. कल्पना माझी होती. ती म्हणाली, कागदात बांधून घेऊ आणि झाडाखाली खाऊ. मीच म्हणाले, नाही, आत बाकड्यावर बसून खायचं. मग ती म्हणाली की त्यांच्या मळ्यातल्या मिरच्या नांदुऱ्याची निम्मी हॉटेलं नेतात, पण ती किंवा तिची आई आजवर कुठल्या हॉटेलच्या आत गेलेल्या नाहीत. दुपारी दुकानामागं बसून भाकर खायची आणि पुन्हा तागडीला बसायचं.

आम्ही आत गेलो तेव्हा मालकाच्या हातातला झारा थांबला. बाकड्यांवरची माणसं सरकून बसली. मालकानं घाईघाईनं एक पडदा बाजूला केला आणि आम्हाला आत बसवलं. बायामाणसांची सोय म्हणून ती जागा होती, पण वापर फारसा नसावा. कांद्याची पोती, बेसनाचे डबे, तेलाची रिकामी पिंपं आणि मध्ये एक डुगडुगणारं टेबल. उजेड नव्हता. घामाच्या धारा लागल्या. भजी आली ती वर्तमानपत्राच्या कागदावर, वरून मीठ भुरभुरलेली, सोबत चिरलेला कांदा. पहिला घास तोंडात घातला तेव्हा माझ्या मनात आईचा चेहरा आला, आणि दुसऱ्या घासाला तो गेला. मैत्रिणीनं एक भजं मोडून मिरची बाहेर काढली, उजेडाच्या फटीकडं धरून पाहिली आणि सांगितलं की मिरची दोन दिवसांची आहे, तोडून पोत्यात दाबलेली. चव मात्र चांगली आहे म्हणाली.

बाहेर आल्यावर तिला हसू आवरेना. मलाही. ज्या पडद्यामागं आम्हाला लपवलं होतं त्याच्या बाहेरची सगळी माणसं पडद्याकडंच बघत बसली होती.

त्यानंतर आम्ही ठरवलं की वर्ष संपायच्या आत गल्लीतलं एकही दुकान सोडायचं नाही. आम्हाला तेव्हा पाठ घ्यायला शिकवत होते. प्रत्येक पाठानंतर आमचं मूल्यमापन व्हायचं: पूर्वतयारी, साहित्य, आवाज, फलकलेखन, वर्गावरचा ताबा. मी पाठाची टिपणं काढायच्या एका जुन्या टाचणवहीच्या मागच्या पानांवर हेच रकाने आखले आणि दुकानांना गुण द्यायला सुरुवात केली. पूर्वतयारी म्हणजे तेल वेळेवर तापलं होतं का. फलकलेखन म्हणजे भावाच्या फळ्यावरचं शुद्धलेखन; ‘चाहा’ लिहिणाऱ्याचा एक गुण जायचा. गुण दोघी मिळून ठरवायचो, अक्षर माझं असायचं. वही मात्र तिच्या पेटीत ठेवायची, कारण माझी पेटी उघडून बघायची सवय मला भेटायला येणाऱ्या घरच्या माणसांना होती.

जिलेबीवाल्याकडं गेलो. शेव-चिवड्याच्या दुकानात गेलो, तिथं मालकानं पडद्याशिवाय बसू दिलं नाही म्हणून आम्ही न खाता परत आलो. हे तिनं ठरवलं. ती म्हणाली, पोत्यांत बसायचं असेल तर आपली खोली काय वाईट आहे. मला तिचं पटलं, पण तसं तोंडावर सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. ती बोलली आणि मी तिच्यामागं उभी राहिले.

गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या मुसलमान गृहस्थांची बेकरी होती. नानकटाई, खारी आणि दाट चहा. त्यांच्याकडं पडदा नव्हताच, कडुलिंबाखाली दोन बाकं होती. त्यांनी आम्हाला ‘बेटी’ म्हणून हाक मारली आणि बाक झटकून दिलं. चहाचा कप पुढं आला तेव्हा माझा हात पुढं जाईना. हेही खरं ते सांगायला हवं. आमच्या घरी त्यांच्यातली माणसं यायची, ओसरीवर बसायची, पण त्यांच्या हातचं पाणी घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मैत्रिणीनं बशीत चहा ओतला, फुंकर मारून पिऊनही टाकला. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, “निवून राह्यला चहा.” मी कप उचलला. नानकटाईला आम्ही त्या दिवशी दहापैकी दहा दिले. तसे गुण वहीत पुन्हा कुणाला मिळाले नाहीत.

सगळ्यात जास्त वेळा आम्ही गेलो ती मात्र एका बाईची खानावळ. गाडीवाले, हमाल, बैल विकायला आलेले शेतकरी तिथं जेवायचे. बेसन म्हणजे पिठलं, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, एवढंच. बाई पन्नाशीच्या असतील, चुलीसमोर बसून भाकरी थापायच्या आणि माणसं त्यांच्यासमोर जमिनीवर रांगेनं बसायची. आम्ही दारात उभ्या राहिलो तेव्हा त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि चुलीच्या बाजूची जागा दाखवली. पडदा नाही, प्रश्न नाही. पुढचे-मागचे गाडीवाले क्षणभर थबकले आणि मग जेवायला लागले, कारण बाईंनी त्यांच्यातल्या एकाला भाकर घेतोस का म्हणून दरडावून विचारलं होतं. पुरुषांच्या रांगेत बसून जेवायची ती माझी पहिली वेळ. पहिले चार घास मी मान वर केली नाही. मग केली, आणि कुणीही माझ्याकडं बघत नव्हतं.

आता वाटतं, मला भज्यांपेक्षा, बेसनापेक्षा तेच हवं होतं. आपण बसलो आहोत आणि कुणी बघत नाही. मैत्रिणीला त्याचं नवल नव्हतं. तिच्याकडं बाजार लहानपणापासून बघत आला होता आणि तिनं ते कधी अंगाला लावून घेतलं नव्हतं. ती आपली जेवायची आणि भाकरीचं पीठ कुठल्या ज्वारीचं आहे याचा अंदाज करायची.

दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही तिथं बसलो असताना काका आत आले. बाबांचे धाकटे भाऊ. बैल बघायला बाजारात आले होते. दारात वाकून आत येता येता त्यांनी आधी टोपी काढली, मग मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. ते तसेच मागं फिरले. माझ्या पानात अर्धी भाकर होती. मैत्रिणीनं विचारलं कोण होतं, आणि मी सांगितल्यावर ती म्हणाली की मग त्यांना बस म्हणायला पाहिजे होतं, भुकेले गेले. मला तिचा राग आला.

आठ दिवसांनी बाबा आले. मला बाईंच्या खोलीत बोलावलं. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते, पांढरं धोतर, मांडीवर टोपी. बाई टेबलामागं. आम्ही दोघी सोबत जातो हे बाईंना माहीत होतं म्हणून त्यांनी मैत्रिणीलाही बोलावलं होतं. ती माझ्या शेजारी उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या केसांतल्या तेलाचा वास येत होता.

बाबांचा आवाज चढलेला नव्हता. काकांनी काय पाहिलं ते त्यांनी बाईंना सांगितलं, हमालांच्या पंगतीत आमची पोरगी जेवत होती. मग ते म्हणाले की चिखलीच्या पाहुण्यांच्या कानावर हे गेलं तर बोलणं मोडेल, आणि तसं व्हायचं असेल तर तिला आजच घरी नेलेलं बरं. माझी पेटी बांधायलाही त्यांनी सांगितलं असतं. पण त्याआधी त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, “हे कोनाच्या डोक्यातून निघालं?”

“हिनं नेलं मले,” मी म्हणाले.

इथं थांबले असते तरी खोटं ते खोटंच होतं. पण बाबा अजून माझ्याकडं बघत होते आणि मला वाटलं, एवढ्यानं भागणार नाही. म्हणून मी पुढं म्हणाले, “हिची माय बाजारात बसते. हिले सवय हाय.”

मी जमिनीकडं बघत होते. मग शेजारून तिचा आवाज आला, नेहमीसारखाच.

“हाव बाई. मीच नेलं.”

बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, तो मी पाहिला. त्यांना तसंच काहीतरी ऐकायचं होतं. बाईंनी मैत्रिणीची रविवारची सुटी बंद केली आणि आमच्या खोल्या वेगळ्या केल्या. ती त्याच दुपारी पेटी घेऊन चाळीच्या दुसऱ्या टोकाला गेली. त्या पेटीत ती वही होती, पानंच्या पानं माझ्या अक्षरातली. ती काढून टेबलावर ठेवली असती तर बाबांना आणि बाईंना दोन मिनिटांत खरं कळलं असतं. तिनं ती काढली नाही.

चिखलीचं म्हणाल तर, लग्नानंतर यजमानांनी मला एकदा सहज सांगितलं की माझ्या त्या जेवणाची बातमी त्यांच्या घरी बाबा बुलढाण्याला पोचायच्या आधीच आली होती. काकांनीच कुठंतरी बोलून दाखवलं होतं. सासऱ्यांनी एवढंच विचारलं होतं, पोरगी शिकते आहे ना नीट. मी ते ऐकून कितीतरी वेळ उंबऱ्यात बसून राहिले होते.

पण ते फार पुढचं. तेव्हा मी एकटी खोलीत राहिले. मैत्रीण माझ्याशी भांडली नाही. वर्गात खडू मागितला तर द्यायची, तक्त्याचं टोक धरायला सांगितलं तर धरायची. बोलणं थांबवलं असतं तर मला काहीतरी धरून बसता आलं असतं. ती बोलायची, पण कुणाशीही बोलावं तसं. रविवारी इतर मुली निघाल्या की ती विहिरीवर धुणं घेऊन बसायची. मला सुटी होती. मी एकदाच बाजारात गेले, दुसऱ्या एका मुलीबरोबर, आणि त्या गल्लीच्या तोंडाशीच माघारी फिरले.

तीन आठवडे असे गेले. मी रोज ठरवायचे की आज तिच्याकडं जाऊन माफी मागायची, आणि रोज तिच्या दारापर्यंत जाऊन परत यायचे. मला हळूहळू कळलं की माफी मागितली तर तिला आणखी एक काम लावल्यासारखं होईल. माझं मन हलकं करायचं काम. तिची सुटी त्यानं परत येणार नव्हती. सुटी ज्यांच्यासमोर गेली होती त्यांच्यासमोरच परत येणार होती. हे कळल्यावरही बाईंच्या दारावर टकटक करायला मला दोन दिवस लागले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. कल्पना माझी, आत बसायचा हट्ट माझा, खोटं माझं. त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या. तू खोटं का बोललीस, आणि तिनं ते का कबूल केलं. पहिल्याचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याचं मला ठाऊक नव्हतं. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की शिक्षिका होणाऱ्या मुलीला हे ठाऊक असायला हवं होतं. मग म्हणाल्या, तिची सुटी आजपासून सुरू, तुझी परीक्षेपर्यंत बंद. आणि वडिलांना पत्र तू लिहायचं, मी नाही.

मी लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं. शेवटी जे टपालाच्या पेटीत टाकलं ते सहा-सात ओळींचं होतं. बाबांचं उत्तर आलं नाही.

त्या रविवारी ती बाजारात गेली. जोडीला कुणी नव्हतं तरी बाईंनी तिला जाऊ दिलं, तशी परवानगी त्यांनी पुढं कुणाला दिलेली मी पाहिली नाही. मी ओसरीवर टाचण काढत बसले होते, एकही अक्षर लिहिलं नव्हतं. पाचच्या आत ती आली, आपल्या खोलीकडं न जाता माझ्या खोलीत आली, आणि माझ्या पेटीवर बसली. चप्पल काढून तळपाय चोळत तिनं सांगायला सुरुवात केली. खानावळीत आज वांगी नव्हती, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी होती. भाकर जरा करपली होती. खानावळवाल्या बाईंनी तिला विचारलं, दुसरी कुठं आहे.

“मंग तू काय सांगतलं?” मी विचारलं.

“सांगतलं, तिले आज सुटी नाही.”

मला रडू यायला लागलं. तिनं मला रडू दिलं. थोड्या वेळानं मी वसतिगृहाच्या बाईंचा दुसरा प्रश्न तिला विचारला. तू कबूल का केलंस.

ती म्हणाली, “तुये बाबा तुले तवाच घरी घेऊन गेले असते. पेटी बांधायचंच बाकी होतं. मले कोन नेनार होतं? सुटीच गेली ना.” मग थांबून म्हणाली, “नेलं म्हनली त्याचं मले काही नाही. माय बाजारात बसते म्हनली, ते लागलं.”

मी म्हणाले, हो. ती आणखी थोडा वेळ बसली आणि जेवणाची घंटा झाल्यावर उठून गेली. खोल्या परत एक झाल्या नाहीत, पण संध्याकाळी ती पाठाची तयारी करायला माझ्याकडं यायला लागली. पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. पूर्वी मी तिच्यामागं उभी राहायचे आणि ते तिला ठाऊक नव्हतं. आता ते दोघींना ठाऊक होतं, आणि तरी ती येत होती.

परीक्षा उन्हाळ्यात झाली. शेवटच्या दिवशी मला न्यायला बाबा आले आणि तिला न्यायला तिची आई. मोटार स्टँडवर आम्ही सगळे एकाच कडुलिंबाच्या सावलीत उभे होतो. तिची आई मी पहिल्यांदाच पाहत होते. ठेंगणी, काटक, नऊवारी लुगड्याचा पदर डोक्यावर, बोटांच्या चिरांत मातीचा रंग कायमचा बसलेला. नांदुऱ्याच्या मोटारीला वेळ होता. बाबा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. पत्राचा विषय त्यांनी काढला नव्हता, मीही नाही.

मग ते काही न सांगता समोरच्या हॉटेलकडं गेले. मला वाटलं ते स्वतः चहा प्यायला गेले, नेहमीसारखे. ते परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत कपबशा होत्या. चालताना चहा बशीत सांडत होता आणि ते कपाकडं बघत पाय टाकत होते. घरी पाण्याचा पेलाही स्वतः उचलून न घेणारे माझे बाबा. त्यांनी एक कप मैत्रिणीच्या आईच्या पुढं धरला. ती गोंधळली, पदर सावरत मागं सरकली, आणि मग दोन्ही हातांनी कप घेतला. दुसरा त्यांनी मैत्रिणीला दिला.

“माया पोरीनं तुमच्या पोरीचं नाव खोटं घेतलं होतं,” बाबा तिच्या आईला म्हणाले. “मले पत्रातून समजलं. मी तवा इचारायले पाहिजे होतं नीट. नाही इचारलं.”

तिच्या आईला काही कळेना. ती लेकीकडं बघून म्हणाली, “कायचं नाव वं? काय झालं होतं?”

तेव्हा मला समजलं की तिनं घरी एक अक्षरही सांगितलेलं नव्हतं. सुटी बंद झाल्याचंही नाही. मैत्रिणीनं चहा बशीत ओतला आणि आईला म्हणाली, “काही नाही वं माय. चहा पे, मोटार यीन.”

बाबा तिथंच उभे राहिले. तिच्या आईनं चहा पिऊन कप पदरानं पुसला आणि त्यांना परत दिला. यंदा मिरची कशी झाली असं बाबांनी विचारलं. तिनं सांगितलं, बोकड्या पडला, निम्मा मळा गेला. मग ते दोघं मिरचीवरच्या रोगाबद्दल बोलत राहिले, आमच्या गावात कुणी राख मारून पाहिली वगैरे. आम्ही दोघी बाजूला उभ्या होतो. मला तिचा हात धरावासा वाटला, पण तिच्या हातात कपबशी होती.

नांदुऱ्याची मोटार आली. तिनं पेटी वर चढवायला मदत मागितली, मी एका बाजूनं धरली. खिडकीतून डोकं बाहेर काढून ती म्हणाली, “नोकरी लागली का पत्र टाकजो.” मी हो म्हटलं. मोटार वळणाला गेली तेव्हा बाबा अजून रिकामे कप हातात घेऊन उभे होते. मग ते हॉटेलात जाऊन ते देऊन आले.

मला दुसरबीडच्या शाळेत नोकरी लागली. तिला नांदुऱ्याजवळच. पहिलं पत्र मी टाकलं. तिचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं, पोस्टकार्डावर, खडूनं फळ्यावर लिहावं तशा मोठ्या गोल अक्षरांत. शाळेत एकोणचाळीस पोरं आहेत, त्यांतल्या अकरा मुली, आणि ‘मले’ म्हणणाऱ्या पोरांना मी काही म्हणत नाही, असं तिनं लिहिलं होतं.